रांजणवाडी समजून सोडून दिलेली गाठ

रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर डोळे तपासायचे म्हटलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा मोतीबिंदू येतो. गावोगावी शिबिरं होतात, यादी होते, माणसं गाडीत बसवून पनवेलला नेली जातात आणि भिंग बसवून परत आणली जातात. हे काम मोठं आहे आणि ते चालूच राहायला हवं. पण डोळ्यात बॅटरीचा झोत टाकून बाहुली बघितली जाते, तेव्हा त्याच डोळ्याची पापणी उलटून फारसं कुणी बघत नाही. या पापणीत आणि तिच्या कोपऱ्यातल्या अश्रूंच्या वाटेत काही कर्करोग होतात. ते दुर्मिळ आहेत. सुरुवातीला ते इतक्या साध्या आजारांसारखे दिसतात की रुग्ण, घरचे आणि कधीकधी डॉक्टरही फसतात.

आधी रचना समजून घेऊ. दोन्ही पापण्यांच्या कडेला, केसांच्या ओळीच्या थोडं आत, अगदी बारीक छिद्रांची एक रांग असते. ती मायबोमियन नावाच्या तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० असतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव मिळालं. त्या स्रवतात ते तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, त्यामुळे डोळा कोरडा पडत नाही. पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशीही छोट्या तेलग्रंथी असतात. अश्रू तयार करणारी मुख्य ग्रंथी भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बसलेली असते. अश्रू वाहून नेणारी व्यवस्था मात्र नाकाच्या बाजूला. दोन्ही पापण्यांच्या आतल्या टोकाला एकेक छिद्र, तिथून बारीक नळ्या, मग अश्रुपिशवी आणि शेवटी नाकात उतरणारी नळी. रडताना नाक वाहतं ते याच वाटेनं.

या तिन्ही ठिकाणी कर्करोग होऊ शकतो. त्यांच्याभोवतीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : पापणीवर गाठ आली म्हणजे रांजणवाडीच. लवंग नाहीतर चिंचोका उगाळून लावला की बसते.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा ती रांजणवाडीच असते, हे खरं. रांजणवाडी म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग. ती लाल होते, ठणकते, पिकते, फुटते आणि आठवडा-दीड आठवड्यात जाते. दुसरा प्रकार चॅलेझियनचा. तेलग्रंथीचं तोंड बुजतं, तेल आत साठतं आणि पापणीत एक न दुखणारी टणक गाठ तयार होते. ती काही आठवडे राहते, कोमट शेकानं बरीचशी उतरते. उतरली नाही तर डोळ्यांचे डॉक्टर पापणी उलटून छोटी चीर देतात आणि आतला मळ खरवडून काढतात.

तेलग्रंथीचा कर्करोग, म्हणजे सिबेशियस कार्सिनोमा, सुरुवातीला नेमका या चॅलेझियनसारखा दिसतो. तो वरच्या पापणीत खालच्या पापणीपेक्षा दुप्पट-तिप्पट अधिक आढळतो, कारण तिथे ग्रंथीच अधिक आहेत. फरक जवळून पाहिल्यावर कळतो. खिडकीजवळ उजेडात माणसाला बसवा. दोन्ही पापण्यांच्या कडा शेजारी शेजारी ताडून बघा. चॅलेझियनमध्ये गाठ असली तरी तिच्यावरचे केस जागेवर असतात, कडेची रेघ सरळ असते. कर्करोगात गाठीसमोरचे केस झडलेले दिसतात, कड जाड आणि ओबडधोबड होते, ग्रंथींच्या तोंडांची ती बारीक रांग मध्येच पुसली जाते. गाठीला पिवळसर झाक असू शकते, वरून बारीक रक्तवाहिन्या धावताना दिसतात. पुढे तिथे व्रण पडतो.

आता उगाळलेल्या चिंचोक्याबद्दल. सहाणेवरचं पाणी आणि बोट स्वच्छ असेलच असं नाही आणि ते सगळं डोळ्यात जातं, म्हणून तो लावू नये. त्याहून मोठं नुकसान वेळेचं होतं. एकेक उपाय करून बघण्यात चार-सहा महिने निघून जातात. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत इलाज झालेल्यांपैकी १४ टक्के रुग्ण या आजारानं दगावले. सहा महिन्यांहून अधिक उशीर झालेल्यांत हेच प्रमाण ३८ टक्के होतं. तेव्हापासून उपचार पुष्कळ सुधारले आहेत, मृत्यूही कमी झाले आहेत. उशिराची किंमत मात्र आजही तशीच मोजावी लागते.

गैरसमज २ : दुखत नाही ना, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : तेलग्रंथीचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखत नाही. किनाऱ्यावरचा माणूस दुखणं अंगावर काढायला सरावलेला असतो. जाळं ओढताना हाताला दोरीचे घट्टे पडतात, मिठागरात पायाला चिरा पडतात, त्यापुढे पापणीवरच्या न दुखणाऱ्या गाठीला कोण विचारतो? म्हणूनच अशी गाठ वाढत राहते.

अश्रुग्रंथीच्या कर्करोगाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यातला ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा प्रकार नसांच्या कडेकडेनं पसरतो, म्हणून तो दुखतो. पापणीचा बाहेरचा वरचा भाग सुजतो, डोळा खाली आणि नाकाच्या बाजूला ढकलला जातो, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, कपाळाच्या कडेला बधिरपणा येतो आणि हे सगळं काही महिन्यांतच घडतं. हा आजार तरुणांनाही होतो. तेव्हा न दुखणं ही निर्धास्त राहण्याची खूण नव्हे आणि डोळा पुढे येऊन दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये.

गैरसमज ३ : एकच डोळा लाल आहे, डोळे आले असतील. थेंब घालून बघू.

वस्तुस्थिती : डोळे आले तर ते बहुधा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातात आणि दोन आठवड्यांत बरे होतात. पापण्यांच्या कडांचा जुनाट दाहही साधारणपणे दोन्ही डोळ्यांना असतो. एकच डोळा महिनोन्महिने लाल, खाजरा, चिकट राहतो आणि थेंबांनी तेवढ्यापुरता उतरून पुन्हा उठतो, तेव्हा विचार बदलायला हवा.

याचं कारण तेलग्रंथीच्या कर्करोगाच्या पसरण्याच्या रीतीत आहे. काही रुग्णांत गाठ दिसतच नाही. कर्करोगाच्या पेशी पापणीच्या कातडीत आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात थराथरांतून सरकत जातात, मधे निरोगी जागा सोडून पुढे पुन्हा उगवतात. परसातली हरळी एका जागी उपटावी आणि चार हातांवर तिचा कोंब दिसावा, तसं हे असतं. वरून दिसतो तो फक्त लालपणा आणि जाडसर झालेली पापणी. स्टेरॉइड असलेले थेंब घातले की लाली उतरते आणि रुग्णाला गुण आल्यासारखं वाटतं. खाली आजार चालूच राहतो. दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून तेच थेंब पुन्हा पुन्हा आणणं इथे विशेष घातक ठरतं. त्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो, ते आणखी वेगळंच.

गैरसमज ४ : डोळ्याचे असले कॅन्सर गोऱ्या लोकांना होतात, आपल्याकडे नाही.

वस्तुस्थिती : पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत पापणीच्या कर्करोगांपैकी ८० ते ९० टक्के बेसल सेल प्रकारचे सांगितले आहेत आणि तेलग्रंथीचा कर्करोग १ ते ५ टक्के. भारतात चित्र फार वेगळं आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं पापणीचा कर्करोग झालेल्या ५३६ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना तेलग्रंथीचा कर्करोग होता. बेसल सेल प्रकार साधारण एक चतुर्थांश रुग्णांत होता. तेव्हा पापणीचा कर्करोग एकूणात दुर्मिळच आहे, पण तो झालाच तर आपल्याकडे तो तेलग्रंथीचा असण्याची शक्यता पुस्तकातल्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

मग तो ऐकिवात का नाही? एक कारण नोंदणीत आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पापणीच्या कातडीचा कर्करोग सी ४४.१ या क्रमांकाखाली, म्हणजे त्वचेच्या कर्करोगांत धरला जातो. अश्रुग्रंथी आणि अश्रुमार्गाचा कर्करोग सी ६९.५ खाली, म्हणजे डोळ्याच्या कर्करोगांत जातो. मुंबईत १९६०च्या दशकापासून कर्करोगाची नोंदणी चालू आहे आणि भारतातली ती सर्वांत जुनी. पण अशा नोंदणीच्या तक्त्यात पापणीचे रुग्ण त्वचेच्या मोठ्या रकान्यात मिसळून जातात. आकडा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आजार नाही असं वाटतं.

गैरसमज ५ : खारा वारा आणि उन्हानं होतो. बोटीवर जाणाऱ्यालाच धोका.

वस्तुस्थिती : ऊन, वाळू आणि खारा वारा यांमुळे डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून मांसाचा पडदा बुबुळावर सरकतो, तो किनाऱ्यावर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो कर्करोग नसतो. बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल या त्वचेच्या कर्करोगांशी उन्हाचा संबंध पक्का आहे. तेलग्रंथीच्या कर्करोगात मात्र उन्हाचा वाटा इतका स्पष्ट नाही. तो वरच्या पापणीत जास्त होतो आणि ऊन खालच्या पापणीवर जास्त पडतं, एवढ्यावरूनही ते लक्षात यावं. म्हणून घरातच राहणारी सत्तरीची आजी यातून सुटते असं नाही. उलट अनेक अभ्यासांत बायकांचं प्रमाण थोडं जास्तच दिसतं.

पक्के धोके थोडे आहेत. वाढतं वय हा पहिला. लहानपणी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, म्हणजे रेटिनोब्लास्टोमा, झालेला असणं आणि त्यासाठी किरणोपचार घेतलेले असणं हा दुसरा. प्रतिकारशक्ती खालावलेली असणं हा तिसरा. चौथा धोका घराण्यात असू शकतो. म्युर-टोरे नावाच्या आनुवंशिक आजारात तेलग्रंथींच्या गाठींबरोबर मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग होतो. म्हणून या रुग्णाला डॉक्टर विचारतात, की घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का? तो प्रश्न अवांतर नसतो, आठवून उत्तर द्यावं.

बोटीवर आणि मिठागरावर काम करणाऱ्यांनी टोपी आणि गॉगल वापरावाच, त्यानं डोळ्याचे इतर आजार टळतात. काजळ, टॉवेल, एकत्र राहणं यांनी हा कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाला वेगळं बसवण्याचं काही कारण नाही.

गैरसमज ६ : गाठ कापून काढली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. काढलेली गाठ तपासायला गेली नाही, तर काढण्याचा अर्धा उपयोगच वाया जातो.

चॅलेझियनची शस्त्रक्रिया दहा-पंधरा मिनिटांची असते. आतला मळ खरवडला जातो आणि बहुतेकदा कचऱ्यात टाकला जातो. पहिल्या वेळी, तरुण माणसात, केस शाबूत असताना ते समजण्यासारखं आहे. पण त्याच जागी गाठ दुसऱ्यांदा आली, किंवा रुग्ण पन्नाशीच्या पुढचा आहे, किंवा केस झडले आहेत, तर तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेलाच पाहिजे. तोही वरवर खरवडलेला नको, पापणीच्या पूर्ण जाडीचा हवा, कारण आजार आतल्या ग्रंथीत असतो.

तपासणीची पद्धत माहीत असली तर रुग्णाचे नातेवाईकही मदत करू शकतात. तालुक्याच्या गावी पुष्कळदा डॉक्टर नमुन्याची बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात. ती रुंद तोंडाची असावी, तिच्यात १० टक्के फॉर्मॅलिन असावं आणि तुकडा त्यात पूर्ण बुडालेला असावा. सलाईन किंवा साधं पाणी चालत नाही, त्यात पेशी सडतात. बाटलीवर रुग्णाचं नाव, उजवा की डावा डोळा, वरची की खालची पापणी, हे लिहिलेलं असावं.

पुढे प्रयोगशाळेत तो तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात बसवतात आणि त्याचे पातळ काप घेतात. या प्रक्रियेत पेशींमधलं तेल विरघळून जातं. सूक्ष्मदर्शकाखाली उरतात फक्त फेसाळ, रिकामे बुडबुडे. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट त्यावरून ओळखतात, पण कधीकधी हा आजार स्क्वॅमस किंवा बेसल सेल समजला जाऊ शकतो. तेल रंगवून दाखवणारी चाचणी करायची तर थोडा तुकडा अल्कोहोलमध्ये न घालता वेगळा राखावा लागतो. आता त्याखेरीज विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्याही आहेत. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर केवळ ‘पापणीची गाठ’ न लिहिता ‘तेलग्रंथीच्या कर्करोगाची शंका’ असं लिहिणं फार मोलाचं ठरतं. काय शोधायचं आहे ते समोरच्याला कळतं.

गैरसमज ७ : सुरी लागली की कॅन्सर खवळतो आणि पसरतो.

वस्तुस्थिती : या भीतीपायी लोक बायोप्सीला नकार देतात आणि आजाराला मोकळं रान मिळतं. पापणीच्या गाठीचा तुकडा घेतल्यानं कर्करोग पसरत नाही. त्यावाचून निदान होत नाही आणि निदानावाचून योग्य इलाज होत नाही. आवरणात पसरल्याची शंका असेल तर डॉक्टर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून वेगवेगळ्या ठिकाणचे बारीक बारीक नमुने घेतात आणि आजार कुठवर गेला आहे त्याचा नकाशा तयार करतात. इतके तुकडे का घेतले म्हणून घाबरू नये.

या नियमाला एक अपवाद आहे, तोही सांगायला हवा. अश्रुग्रंथीत एक वर्षानुवर्षं हळू वाढणारी, न दुखणारी, कर्करोग नसलेली गाठ होते. तिच्याभोवती आवरण असतं. त्या गाठीचा तुकडा न घेता ती आवरणासकट पूर्ण काढायची असते. आवरण फाटलं तर ती पुन्हा पुन्हा उगवते आणि पुढे तिच्यात कर्करोग होऊ शकतो. गाठ कोणत्या जातीची असेल हे स्कॅन आणि लक्षणांवरून आधी ठरवावं लागतं. म्हणूनच भुवईखालच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या गाठीला हात लावायचा तो पापणी आणि डोळ्याच्या खोबणीची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञानंच.

गैरसमज ८ : डोळ्यातून पाणी गळतं ते वयामुळे, नाहीतर मोतीबिंदूमुळे.

वस्तुस्थिती : मोतीबिंदूनं डोळ्यातून पाणी गळत नाही, नजर धूसर होते. सतत पाणी गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अश्रुमार्ग बंद होणं. काही तान्ह्या बाळांत तो जन्मतः बंद असतो आणि मालीश करत राहिलं तर बहुतेकांचा वर्षभरात आपोआप उघडतो. प्रौढांत, विशेषतः बायकांत, तो कायमचा बुजतो, पिशवीत पू साठतो आणि आतल्या कोपऱ्यावर दाबलं की डोळ्यात घाण येते. त्यावरची डीसीआर शस्त्रक्रिया इटलीतल्या तोती या डॉक्टरांनी १९०४ साली प्रथम सांगितली. पिशवीतून नाकात नवी वाट काढून देणं हे तिचं तत्त्व. ती आज सर्रास आणि यशस्वी होते.

अश्रुपिशवीचा कर्करोग मात्र या साध्या आजारामागे लपतो. तो फार दुर्मिळ आहे. त्याच्या खुणा अशा. पहिली, गळणाऱ्या पाण्यात किंवा कोपरा दाबल्यावर येणाऱ्या घाणीत रक्त. त्याच बाजूच्या नाकपुडीतून कारणाशिवाय रक्त येणं हीसुद्धा तीच खूण. दुसरी, दाबूनही रिकामा न होणारा टणक फुगवटा. तिसरी खूण बोटानं कळते. पापण्या बाहेरच्या बाजूला ताणल्या की आतल्या कोपऱ्यात नाकाकडे जाणारा एक घट्ट पट्टा बोटाला लागतो. साध्या सुजेत फुगवटा या पट्ट्याच्या खाली राहतो. तो पट्ट्याच्या वर चढला असेल तर तपास हवाच. चौथी, मार्ग पाण्यानं धुऊन बघितला तर मोकळा आहे आणि तरीही पाणी गळतंच आहे. पिशवीच्या भिंतीत गाठ असली तरी सुरुवातीला मधून पाणी जाऊ शकतं, त्यामुळे ‘नळी साफ आहे’ या एका उत्तरावर समाधान मानू नये.

अशा वेळी डीसीआर करण्याआधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. नेहमीची डीसीआर करतानाही पिशवी आतून वेगळी दिसली तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा. गाठ असताना न कळता नाकात वाट काढली, तर आजारालाच ती वाट मिळते.

गैरसमज ९ : कॅन्सर म्हणाले म्हणजे डोळा काढणार.

वस्तुस्थिती : लवकर सापडलेल्या पापणीच्या कर्करोगात डोळा आणि नजर दोन्ही राहतात. गाठीसोबत तिच्या भोवतीची निरोगी दिसणारी ४ ते ५ मिलिमीटर पापणी काढतात आणि कडा तिथल्या तिथे गोठवून तपासतात. कडांत पेशी सापडल्या तर आणखी थोडं काढतात. आवरणात पातळ पसरलेल्या आजारासाठी गोठवण्याचा इलाज आणि मायटोमायसिन या औषधाचे थेंब वापरतात.

उरलेली पापणी जोडून घेता येते. भाग मोठा गेला असेल तर खालच्या पापणीचा पूर्ण जाडीचा तुकडा वर ओढून तिथे शिवतात. ही कटलर आणि बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ साली सांगितलेली पद्धत आहे. त्यात डोळा सहा-आठ आठवडे मिटलेला राहतो आणि मग दुसऱ्या टप्प्यात पापणी उघडून देतात. घरी येणाऱ्या लोकांना वाटतं, डोळा गेला. तो गेलेला नसतो, मिटलेल्या पापणीमागे शाबूत असतो. हे आधीच समजलेलं असलं की रुग्णाचा धीर सुटत नाही.

डोळा काढायची वेळ येते ती आजार डोळ्याच्या खोबणीत उतरल्यावर. ती वेळ उशिरानं येते.

गैरसमज १० : यावर इलाज मुंबईतच, आणि तो आपल्या ऐपतीबाहेरचा.

वस्तुस्थिती : पहिली पायरी रायगड जिल्ह्यातच आहे. अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे. पनवेलला नेत्रविकारांची मोठी रुग्णालयं आहेत. टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक खारघरला आहे आणि खारघर रायगड जिल्ह्यातच येतं. अलिबागहून पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल अशी ती वाट आहे, पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद असल्या तरी चालणारी. श्रीवर्धनकरांना म्हसळा-माणगावमार्गे महामार्ग गाठता येतो. परळचं टाटा रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगाचंच काम करत आहे, पुढच्या उपचारांसाठी ते आहेच.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत रायगड होता. आता आयुष्मान भारतसोबत तिची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी त्यांना भेटा, म्हणजे मंजुरीची कागदपत्रं वेळेत होतात.

मच्छीमारांसाठी एक सोय निसर्ग आणि कायदा दोघांनी मिळून करून दिली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. डोळे तपासायला तो काळ चांगला. पण संशयाची गाठ फेब्रुवारीत दिसली असेल तर जूनची वाट बघू नये.

गैरसमज ११ : ऑपरेशन झालं, टाके निघाले, आता पुन्हा जायला नको.

वस्तुस्थिती : हा कर्करोग परत येऊ शकतो आणि लसिकाग्रंथींत जाऊ शकतो. वरच्या पापणीतून तो प्रामुख्यानं कानासमोरच्या आणि कानाखालच्या गाठींकडे जातो, खालच्या पापणीच्या आतल्या भागातून जबड्याखाली. म्हणून दर भेटीला डॉक्टर कानापुढे आणि मानेवर बोटं फिरवून बघतात. रुग्णानंही महिन्यातून एकदा तसं चाचपून बघावं. सुरुवातीची वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर थोड्या अंतरानं, पण तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी. आधीचे रिपोर्ट, स्कॅन आणि शस्त्रक्रियेचा कागद एका पिशवीत जपून ठेवावा. शक्य असेल तर काचपट्टी आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा, दुसऱ्या रुग्णालयात तोच पुन्हा तपासतात आणि नव्यानं तुकडा घ्यावा लागत नाही.

आता सगळ्यांचं सार. पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर नेत्रतज्ज्ञांना गाठावं :

– पापणीवरची गाठ तीन महिन्यांत गेली नाही, किंवा त्याच जागी पुन्हा आली;
– गाठीजवळचे पापणीचे केस झडले;
– एकच डोळा महिन्याहून जास्त काळ लाल राहिला;
– पापणीची कड जाड झाली किंवा तिथे व्रण पडला;
– अश्रूंत रक्त आलं;
– डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टणक फुगवटा आला;
– डोळा एका बाजूला ढकलला गेला.

यातलं काही असलं म्हणजे कर्करोगच आहे असं नाही. बहुतेकांना तो नसतो आणि तपासून आल्यावर मन हलकं होतं. ज्यांना असतो, त्यांच्यासाठी ही एक भेट डोळा आणि जीव दोन्ही वाचवणारी ठरते. आशाताईंना, शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणाऱ्यांना विनंती आहे, की साठीपुढच्या प्रत्येकाची पापणी एकदा उलटून बघा. त्याला मिनिटही लागत नाही आणि यंत्रही लागत नाही.

आणि घरातल्या कुणाच्या पापणीवरची गाठ काढायची ठरली, तर शस्त्रक्रियेच्या दिवशीच डॉक्टरांना विचारा, ‘डॉक्टर, तुकडा तपासायला पाठवणार ना? रिपोर्ट कधी मिळेल?’ ती तारीख लिहून घ्या, त्या दिवशी जा, आणि रिपोर्ट डॉक्टरांनी वाचून समजावून सांगितल्याशिवाय उपचार संपले असं धरू नका.